टँग्रॅममधून लघुकोन त्रिकोण का मिळत नाही?

वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत सहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा: "मुलांना टँग्रॅम या आकार जुळवायच्या कोड्याचे सात तुकडे दिले आणि ते जोडून लघुकोन, काटकोन, विशालकोन असे तिन्ही त्रिकोण करायला सांगितले. दोन तासिका गेल्या. जो तो काटकोन त्रिकोणच करतोय. माझं सांगण्यात काही चुकतंय का? आणि याच कोड्यावरून पुढे बहुभुजाकृतींचं वर्गीकरण कसं घेऊ?"

बाई, तुमचं सांगणं चुकलेलं नाही आणि मुलंही चुकलेली नाहीत. टँग्रॅमच्या तुकड्यांतून लघुकोन त्रिकोण होतच नाही, विशालकोनही होत नाही. दोन तासिका काय, अख्खं सत्र घालवलं तरी होणार नाही. बाजारात मिळणाऱ्या संचांच्या खोक्यावर "सर्व प्रकारचे त्रिकोण शिका" असं काहीबाही छापलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. मात्र तुमच्या वर्गाचे ते दोन तास वाया गेले असं मला मुळीच वाटत नाही. "गुरुजी, होणा नाय हां!" असं मुलं कंटाळून म्हणतात, तीच खरी धड्याची सुरुवात. का होत नाही, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या.

आधी तुकडे नीट बघू. दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस, एक समांतरभुज चौकोन. पाचही त्रिकोणांचे कोन ४५, ४५, ९० अंश. चौरसाचे चारही ९०. समांतरभुज चौकोनाचे ४५ आणि १३५. म्हणजे सातही तुकड्यांच्या सगळ्या कोपऱ्यांत मिळून कोनाची मापं तीनच, आणि तिन्ही ४५ च्या पटीत.

आता तुकडे जोडून एखादा त्रिकोण केला, तर त्याचा प्रत्येक कोपरा तुकड्यांच्या कोपऱ्यांनीच भरलेला असणार. कधी एक तुकडा, कधी दोन-तीन तुकडे मिळून. काहीही असलं तरी कोपऱ्याचं माप ४५ च्या पटीतच येणार. तिन्ही कोपऱ्यांची बेरीज १८०, म्हणजे ४५ चे चार वाटे. चार मोदक तीन पोरांत वाटायचे, मोडायचे नाहीत, आणि प्रत्येकाला निदान एक मिळालाच पाहिजे. मग दोघांना एकेक आणि एकाला दोन, दुसरी वाटणीच नाही. म्हणून ४५, ४५, ९०. लहान करा, मोठा करा, सातही तुकडे घालून करा, त्रिकोण झाला तर तो काटकोन समद्विभुजच होणार.

सहावीच्या मुलांना हा युक्तिवाद कळतो, फक्त तो फळ्यावर आयता लिहून देऊ नका. "चार वाटे, तीन कोपरे" एवढंच म्हणा आणि थांबा. "जमलं नाही" आणि "जमणं शक्यच नाही" या दोन गोष्टींत फरक असतो, हे मुलांना गणिताच्या तासाला क्वचितच दिसतं. इथे ते आयतं समोर येतं.

मग लघुकोन आणि विशालकोन कुठून आणायचे? त्यासाठी दुसरं कोडं घरी कापून घ्या. कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. टँग्रॅम म्हणजे ४५ च्या गुण्याचा खेळ. आपल्याला हवा ३०-६० च्या गुण्याचा.

करायचं असं. कंपासने जाड कागदावर वर्तुळ काढा. कंपासचं अंतर न बदलता परिघावर खुणा करत गेलात की बरोबर सहा खुणा येतात. एक सोडून एक खुण जोडा, समभुज त्रिकोण तयार. प्रत्येक कोपऱ्यातून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेघ मारा. त्या तीन रेघा एका बिंदूत भेटतात आणि त्रिकोणाचे सहा एकसारखे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याचे कोन ३०, ६०, ९०. हे सहा तुकडे म्हणजे तुमचं दुसरं कोडं.

आता मुलांना फक्त दोन तुकडे द्या आणि पूर्ण बाजूला पूर्ण बाजू लावून काय काय होतं ते बघायला सांगा. तुकडा उलटा करायला परवानगी आहे, हे आवर्जून सांगा, नाहीतर निम्मे आकार हुकतात. काटकोन करणाऱ्या दोन बाजूंतली मोठी बाजू एकमेकींना लावून तुकडे आरशातल्यासारखे ठेवले की ६०-६०-६० चा समभुज त्रिकोण मिळतो. म्हणजे लघुकोन. लहान बाजू तशीच लावली की ३०-३०-१२० चा त्रिकोण, म्हणजे विशालकोन. तुकडे तेच, एक फक्त फिरवून लावला. हे वर्गात घडतं तेव्हा बघण्यासारखं असतं. ज्या मुलाने पहिला केला तो दुसऱ्याचा बघून म्हणतो, "हे वेगळे तुकडे आहेत." मग एकावर एक ठेवून दाखवावं लागतं.

त्याच दोन तुकड्यांतून आणखी चार आकार निघतात. कर्णाला कर्ण लावला की आयत, एक तुकडा उलटा करून लावला की पतंग, ज्याचे कोन ६०, ९०, १२०, ९०. मोठी बाजू फिरवून लावली की ६० आणि १२० चा समांतरभुज चौकोन, लहान बाजू फिरवून लावली की ३० आणि १५० चा, हा अगदी सडपातळ. असे एकूण सहा आकार. टँग्रॅमच्या दोन लहान त्रिकोणांतून मात्र तीनच निघतात: चौरस, थोडा मोठा काटकोन त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन. का? कारण तिथे त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या आहेत. हा प्रश्न विचारून सोडून द्या, उत्तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणतंच.

या दुसऱ्या कोड्यालाही वाट्यांचा हिशेब लावा. आता सगळे कोपरे ३० च्या पटीत, १८० म्हणजे सहा वाटे. तीन कोपऱ्यांत वाटायचे: २-२-२, १-२-३, १-१-४. बस, तीनच तऱ्हा. पहिला लघुकोन, दुसरा काटकोन, तिसरा विशालकोन. प्रत्येक प्रकारातला नेमका एक. आणि बाजूंकडे बघाल तर पहिला समभुज, दुसरा विषमभुज, तिसरा समद्विभुज. कोनांवरून केलेलं वर्गीकरण आणि बाजूंवरून केलेलं वर्गीकरण दोन्ही एकाच कोड्यात येतात, म्हणून मला हे टँग्रॅमपेक्षा उजवं वाटतं. टँग्रॅमला नाव मोठं आहे, एवढंच. चीनमधलं कोडं, १९ व्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांतून युरोप-अमेरिकेत गेलं आणि तिथे त्याचं वेड लागलं.

पण इथे एक खड्डा आहे. दुसऱ्या कोड्यात लघुकोन त्रिकोण म्हटला की तो समभुजच येतो. चार दिवस हेच केलं की मुलांच्या डोक्यात "लघुकोन म्हणजे तिन्ही बाजू सारख्या" असं घट्ट बसतं आणि मग ते काढता काढता नाकी नऊ येतात. उपाय सोपा. शिमग्याला, जत्रेला आपण पताका लावतो. एक पताका काढून आणा. लांबट, निमुळती, दोनच बाजू सारख्या. तिचे तिन्ही कोन लघुकोन. दुसरा उपाय दोन्ही कोडी एकत्र करण्याचा. ४५ चा एक त्रिकोण असा कापा की त्याची काटकोनाची बाजू ३०-६० च्या तुकड्याच्या मोठ्या बाजूएवढी असेल. त्या बाजू चिकटवल्या की खाली ४५ आणि ६०, वर ४५ आणि ३० मिळून ७५. तिन्ही बाजू वेगळ्या आणि तरी लघुकोन त्रिकोण. आता ४५ चा दुसरा त्रिकोण त्याच तुकड्याच्या लहान बाजूएवढा कापून तिथे लावा. खाली ४५ आणि ३०, वर १०५. विशालकोन. दोन्ही कोडी मिसळली की वाटा १५ अंशांचा होतो, १८० चे बारा वाटे पडतात आणि हिशेबापुरते ते तीन कोपऱ्यांत बारा तऱ्हांनी वाटता येतात: तीन लघुकोन, तीन काटकोन, सहा विशालकोन. ही यादी मुलांना वहीत करू द्या. आकडेमोड सोपी आहे, पण एकही तऱ्हा न सुटता, एकही दोनदा न येता यादी करणं हे त्यांना नवीन असतं. सर्वांत मोठ्या कोनापासून सुरुवात केली की यादी भरकटत नाही.

आणि इथेच तुमच्या मूळ विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. त्रिकोण ओळखताना फक्त सर्वांत मोठा कोन बघायचा. मुलं काय करतात? एका कोपऱ्यावर बोट ठेवतात, तो लघुकोन दिसला की "लघुकोन त्रिकोण" म्हणून मोकळी होतात. पण प्रत्येक त्रिकोणात निदान दोन लघुकोन असतातच, मग सगळेच त्रिकोण लघुकोन झाले की! काटकोन आणि विशालकोन त्रिकोणाला नाव एका कोनावरून मिळतं, लघुकोन त्रिकोणाला मात्र तिन्ही कोनांनी साक्ष द्यावी लागते. व्याख्या पाठ असलेली मुलंसुद्धा इथे घसरतात, कारण तिन्ही व्याख्या कानाला सारख्याच वाटतात. मोठा कोन शोधायची सवय लागली की घोटाळा संपतो. मोठ्यात मोठी बाजू बघा, तिच्या समोरचा कोन सर्वांत मोठा.

दुसरा नेहमीचा गैरसमज "विशाल" या शब्दाचा. "तुकडा मोठो, म्हणून तो विशालकोन," असं मुलं म्हणतात. त्यासाठी टँग्रॅमचा मोठा त्रिकोण आणि ३०-३०-१२० चा एखादा चिमुकला त्रिकोण शेजारी ठेवा आणि विचारा, विशालकोन कुठे आहे? तिसरा गैरसमज असा की काटकोन नेहमी डाव्या हाताला खाली असतो, कारण पुस्तकात आणि फळ्यावर आपण तो तिथेच काढतो. तुकडे हातात असले की हा आपोआप जातो, फक्त तुम्ही फळ्यावर काढताना चार वेळा चार दिशांना काढा.

माप कशाने घ्यायचं? कोनमापक लगेच देऊ नका. कोणताही कागद एकदा घडी घाला, मग त्या घडीवर घडी जुळवून पुन्हा एकदा घाला, जो कोपरा तयार होतो तो काटकोन. हा कागदी गुण्या प्रत्येकाच्या खिशात असावा. कोपऱ्यावर ठेवला आणि आत जागा उरली नाही, कागद बाहेर आला, तर लघुकोन. तंतोतंत बसला तर काटकोन. कोपरा कागदाच्या बाहेर पसरला तर विशालकोन. गावातला गवंडी चिऱ्याची भिंत गुण्यात आहे का ते असंच बघतो. आणि ८५ किंवा ९५ अंशांचे दोन-तीन त्रिकोण मुद्दाम कापून ठेवा. डोळ्यांना ते काटकोनच वाटतात आणि मुलं न मोजता ठोकून देतात.

घरांचं उदाहरण कोकणात फुकट मिळतं. मुलांना घर काढायला सांगा. बहुतेक जण टोकदार, उंच त्रिकोण काढतात. मग बाहेर नेऊन कौलारू घराची बाजू दाखवा, जिथे दोन पाखी आढ्याला मिळतात. मंगळुरी कौलांच्या छपराचा उतार साधारणपणे ४५ अंशांहून कमीच असतो, म्हणजे खालचे दोन्ही कोन ४५ हून कमी आणि वरचा ९० हून जास्त. विशालकोन त्रिकोण. हल्ली पावसासाठी स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात, तिचा उतार आणखी कमी, म्हणून वरचा कोन आणखी पसरट. दारासमोरच्या छपराचा कोन आपण आजवर चुकीचा काढत होतो, याचं मुलांना फार आश्चर्य वाटतं.

आता बहुभुजाकृती. त्रिकोणाला कोनांवरून तीन नावं आहेत, तशी चौकोन-पंचकोनांना नाहीत. तिथे कोनांची मोजणी करायची: किती लघुकोन, किती काटकोन, किती विशालकोन आणि प्रविशाल, म्हणजे १८० हून मोठा कोन, आहे का. टँग्रॅम इथे मात्र खरंच उपयोगी. बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न वळलेला चौकोन घेतला तर ३६० म्हणजे ४५ चे आठ वाटे, चार कोपरे, प्रत्येकात एक ते तीन. तऱ्हा तीनच: चारही काटकोन, म्हणजे चौरस किंवा आयत. एक लघु, दोन काट, एक विशाल, जसा एका बाजूला सरळ उभा असलेला समलंब चौकोन. आणि दोन लघु, दोन विशाल, म्हणजे समांतरभुज चौकोन किंवा समद्विभुज समलंब. मुलांना आधी आकार करू द्या, मग तक्त्यात त्यांची जागा शोधू द्या. उलटं केलंत तर तो फक्त तक्ता भरण्याचा तास होतो.

सातही तुकडे वापरून किती बहिर्वक्र आकार होतात, याचं उत्तर ठरलेलं आहे. वांग आणि श्युंग या दोन चिनी गणितज्ञांनी १९४२ मध्ये सिद्ध केलं की असे आकार फक्त १३ आहेत: एक त्रिकोण, सहा चौकोन, दोन पंचकोन, चार षटकोन. भिंतीवर १३ रिकामे चौकोनी कागद लावून ठेवा आणि ज्याला जो मिळेल त्याने तो काढून चिकटवावा. वर्षभर चालतं. सप्तकोन, अष्टकोन का नाहीत, असं एखादा विचारेल. अष्टकोनाच्या पुढे तर जाताच येत नाही, कारण कोपरा जास्तीत जास्त १३५ चा, म्हणजे प्रत्येक वळणाला दिशा निदान ४५ अंशांनी बदलते, आणि पूर्ण फेरी ३६० चीच. बाह्यकोनाची ही कल्पना पटांगणात फक्कीने आकार आखून मुलांना त्यावरून चालवलं की पटकन उतरते. त्याच चालण्यातून आणखी एक गोष्ट दाखवा: लघुकोनाच्या कोपऱ्यावर ९० अंशांहून जास्त वळावं लागतं, म्हणून बहिर्वक्र आकाराला कितीही बाजू असोत, लघुकोन तीनपेक्षा जास्त असूच शकत नाहीत. शंभर बाजूंचा आकार असला तरी तीनच! मुलांचा यावर विश्वास बसत नाही आणि ती कागदावर चौथा काढायचा प्रयत्न करत राहतात. करू द्या.

प्रविशालकोनासाठी होडी करा. मोठा त्रिकोण काटकोन खाली ठेवून धरा, वरच्या लांब बाजूच्या मधोमध चौरस ठेवा, झाली केबिनवाली होडी. बाजू मोजा: सात. कोन मोजा: होडीचे ४५, ४५, ९०, केबिनचे वरचे दोन ९०, आणि केबिन जिथे होडीला टेकते ते दोन. मुलं हे शेवटचे दोन बाहेरून मोजतात आणि ९० लिहितात. आतून मोजायला लावा, १८० आणि ९० मिळून २७०. आता बेरीज करा. ४५, ४५, ९०, ९०, ९०, २७०, २७०, एकूण ९००. सप्तकोनाचे पाच त्रिकोण पडतात, म्हणून सूत्र ५ गुणिले १८०, तेही ९००. ज्याने बाहेरून मोजलं त्याची बेरीज ५४० येते आणि ती पंचकोनाची असते. चूक कुठे झाली हे बेरीजच सांगते, तुम्हाला लाल पेन उचलावा लागत नाही.

सामानाबद्दल दोन शब्द. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा फुकट मिळतो म्हणून बरेच जण तोच वापरतात. उन्हाळ्यात ठीक, पण शाळा सुरू होते जूनमध्ये. पंधरा दिवसांच्या पावसात पुठ्ठा दमट होतो, कडा फुगतात, कोपरे मऊ पडतात आणि ४५ चा कोपरा गोलसर होतो. कोपरा गेला की आपलं कोडंच गेलं. जाड फोमशीट घ्या, कात्रीने कापता येते, पाण्याने बिघडत नाही. प्रत्येक संचाचा रंग वेगळा ठेवा, नाहीतर सात तुकड्यांच्या पिशवीत आठ त्रिकोण आणि शून्य चौरस परत येतात. कापताना दोन लहान त्रिकोण कर्णाला कर्ण लावून चौरसाशी ताडून बघा. दोन लहान मिळून चौरस, समांतरभुज किंवा मधला त्रिकोण यांपैकी कुणाएवढेही क्षेत्रफळ व्हायला हवं. लहानाला १ धरलं तर ते तिघे २, मोठे ४, सगळे मिळून १६.

हेच आकडे शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांसाठी वापरा. त्यांना विचारा: टँग्रॅमचे सहा तुकडे वापरून त्रिकोण होईल का? एक, दोन, तीन, चार तुकड्यांचा होतो, सातांचाही होतो, पाचांचा त्यांनाच शोधू द्या. सहांचा होत नाही. एक तुकडा बाजूला ठेवला की उरलेलं क्षेत्रफळ १५, १४ किंवा १२. आणि या तुकड्यांच्या बाजूंतून जो काटकोन समद्विभुज त्रिकोण होतो, त्याचं क्षेत्रफळ एकतर वर्गसंख्या असतं किंवा वर्गसंख्येची दुप्पट: १, २, ४, ८, ९, १६. का, हे समजायला दोनाचं वर्गमूळ लागतं, ते आठवीपर्यंत थांबू शकतं. १५, १४, १२ यांतला एकही त्या यादीत नाही, एवढं मात्र सहावीतलं मूलही तपासू शकतं.